बाहुली आखडत नाही

२०२३ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. कळवणच्या घराला कुलूप घातलं नि एस्टीत बसलो. नितीन, माझा एकुलता, नाशकात जपानला जायच्या क्लासला लागला होता. तिकडं म्हाताऱ्यांना सांभाळायचं काम. गावात मला एकट्याला ठेवायला तो तयार नव्हता, म्हणून इंदिरानगरच्या दोन खोल्यांत सुनेजवळ आणलं.

चौथी शिकलेला माणूस मी. पण ज्यांनी जगाला गाड्या नि टीव्ही विकले, त्यांना आपला म्हातारा उठवायला कळवणचं पोरगं लागतं, हे मला पटेना. नितीन सांगायचा, तिकडं माणसं जन्मभर कंपनीत राबली, लग्नं राहिली, पोरं झाली नाहीत. आता कारखाने आहेत, हात नाहीत. गावंच्या गावं कुलपात.

"मग आपल्यासारखंच की," मी म्हटलं.

क्लासात म्हाताऱ्याला खाटेवरून उठवायचं ते माणसाएवढ्या बाहुलीवर शिकवायचे, परीक्षा मात्र जित्या माणसावर. नितीन दोनदा प्रॅक्टिकलला नापास झाला. बाहुली आखडत नाही, माणूस आखडतो. तिसरी खेप शेवटची होती. म्हणून तो माझ्या खाटेशी आला.

"आबा, पाठीला हात लावून उठवतो. चालेल का?"

तिकडची रीतच ती. आधी विचारायचं, होकार आला तरच हात लावायचा.

"नाय चालणार. मी काय लुळा पडलोय?"

तो खाली बसून राहिला. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं. पुन्हा नाय. सून आतून म्हणाली, "आबा, ते काय उठायचे नाहीत. तुमचंच रक्त आहे."

चार दिवस हेच. हो म्हटलं की पोरगं जाणार, एवढं मला कळत होतं. पण माझ्या बापाला शेवटी आम्ही पोत्यासारखं उचलायचो, त्याला कधी कुणी विचारलं नाही. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "चालेल."

तो पास झाला, गेला. आता फोनवर बोलताना मागं कुणी म्हातारा खोकला की तो तिकडं वळतो, त्यांच्या भाषेत विचारतो. मी थांबतो. गावातले तुम्ही विचारता, आबा, घरी कधी? कळवणला कुलूप, इथं भाड्याचं, पोराचं तिकडं. हात लावण्याआधी विचारणारं माणूस असेल ते घर, एवढंच आता वाटतं.

तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी रिक्षा करून नाशकातल्याच द्वारका चौकात त्याच्या क्लासात गेलो. सरांना म्हटलं, "बाहुली ठेवा बाजूला. पण पोरांना सांगा, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." आणि चपला काढून बाहुलीच्या खाटेवर आडवा झालो.