जमिनीखालच्या शहराचे कपडे

शाळांचे गणवेश शिवणं हा माझा धंदा. पुण्याजवळ पिरंगुटच्या बाजारात, मेडिकलच्या दुकानावरच्या खोलीत माझी दोन मशिनं आहेत. गणवेशाच्या कामात सगळे कपडे एकसारखे आणि नवेकोरे दिसले की झालं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एक बाई जिना चढून आल्या आणि "सत्तर मुलांचे जुने, फाटके कपडे शिवून हवेत," म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

त्या मुंबईच्या होत्या, सिनेमातल्या कपड्यांचं काम बघायच्या. औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद शेडमध्ये त्यांच्या युनिटनं सेट लावला होता. सिनेमा मुलांचा, घरच्या सगळ्यांनी मिळून बघावा असा. जमिनीखाली एक शहर आहे, तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वर आलेलीच नाहीत. हवा खेळवणारे पंखे एकेक करून बंद पडायला लागतात. मोठी माणसं म्हणतात काही होत नाही, आणि एक बहीणभाऊ बाकीच्या मुलांना घेऊन वर जायची वाट शोधतात. बाईंनी हे सगळं माझ्या कटिंगच्या टेबलाला टेकून सांगितलं. मग पिशवीतून नमुन्याचे दोन शर्ट काढले.

शर्ट पांढरट पडलेले होते. ब्लीच केलेले. छातीवर एक ठिगळ, खांद्यावर एक, पाठीवर एक.

मी विचारलं, "ताई, तिथं ऊन न्हाई ना?"

"नाही. अंडरग्राउंड आहे सगळं."

"मग कपडा विटंल कसा? कपडा उन्हानं विटतो. तिथं नुसता मळंल आन झिजंल."

त्यांनी शर्ट परत हातात घेऊन बघितला. मी विचारलं, ही मुलं तिथं करतात काय? पाइपांतनं सरपटत जातात, गळती बुजवतात, अळंबी लावतात, असं त्या म्हणाल्या. "मग छातीवर ठिगळ कशाला? गुडघे, कोपरं आन बसायची जागा. ज्या पोरी भावंडं कडेवर घेतात त्यांचा एका अंगाचा कपडा जाईल." बाईंनी वही काढली आणि लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलेलं नव्हतं, म्हणून मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

पुढचा महिनाभर मी नवं कापड जुनं करत होते. काताच्या पाण्यात बुडवायचं, सावलीत वाळवायचं, गुडघ्यांवर पॉलिश पेपर घासायचा, मग त्याच जागी ठिगळ लावायचं आणि ठिगळही घासायचं. मुलं आसपासच्या शाळांतनंच घेतली होती. सत्तर जणांची मापं मी घेतली. गोंधळ नको म्हणून प्रत्येक कपड्याच्या कॉलरमध्ये आतून लाल दोऱ्यानं आकडा घातला, एक ते सत्तर. माझी पोरगी तेव्हा नववीत होती. तीही निवडली गेली. तिचा आकडा तेवीस.

घरात एवढं चाललेलं असताना आमचे हे मात्र त्या विषयावर बोलत नव्हते. कारण मला माहीत होतं. ती शेड म्हणजे त्यांचीच कंपनी. एकोणीस वर्षं ते तिथं फिटर होते. कंपनी बंद झाली, मशिनं विकली गेली, आणि हे सूसच्या एका सोसायटीत पाण्याचे पंप आणि लिफ्ट बघायच्या कामाला लागले. तेव्हापासून वसाहतीतल्या त्या रस्त्यानं ते गाडी घालत नव्हते. वळसा पडला तरी बाजारातनं जायचे. पोरगी म्हणाली, "पप्पा, एकदा सेट बघायला या ना." ते म्हणाले, "मी बगितलीया ती शेड." एवढंच.

शूटिंग सुरू झालं तशी मी रोज तिथं जायला लागले, कारण कपडे रोज खरोखरचे फाटायला लागले होते. शेडच्या खिडक्यांना आणि वरच्या काचांना काळं कापड लावलं होतं. आत प्लायचे बोळ, बोळांतनं पाइप, पाइपांवर खोटा गंज. दोन वळणं घेतली की आपण दारातनं आलो होतो की आणखी कुठनं, कळायचं नाही. बाहेर दुपार असली तरी आत वेळच नसायची. मला तिथं बरं वाटायचं नाही. मी शिलाईचं सामान घेऊन बाहेर मंडपातच बसायचे.

सहाव्या दिवशी मी घरून निघताना दुरुस्त केलेल्या बारा जॅकिटांची पिशवी विसरले. यांची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. मी फोन केला. ते म्हणाले, "गेटपर्यंत आनून देतो."

सकाळचे अकरा वाजले असतील. ते गेटवर गाडी बंद न करता पिशवी माझ्या हातात देत होते, तेवढ्यात जनरेटरच्या गाडीचा आवाज थांबला.

आधी कुणी काही केलं नाही. लाईट जाणं आपल्याकडे नवीन नाही. मग आतून मुलांचा आवाज यायला लागला. पहिल्यांदा हसल्यासारखा, मग वेगळा. त्या वेळी आत सगळी सत्तर मुलं होती आणि धुराचं मशिन नुकतंच चालवलेलं होतं. काळोख आणि त्यात धूर. युनिटची माणसं मोबाईलची बत्ती लावून मोठ्या दारानं आत शिरली, पण धुरात उजेड पडला की समोर पांढरी भिंत उभी राहते, पलीकडचं काही दिसत नाही. मुलांचे मोबाईल सकाळीच एका खोक्यात जमा करून घेतले होते. एक सहायक "घाबरू नका, जागेवर थांबा" म्हणून ओरडत होता, पण त्याचा आवाज बोळांतनं चारी बाजूंनी घुमून येत होता.

यांनी गाडी बंद केली. स्टँडवर लावली.

"पोरगी कुटंय?"

"आत हाय."

ते पळाले नाहीत. मोठ्या दाराकडे न जाता भरभर चालत शेडच्या मागच्या अंगाला गेले, मी त्यांच्या मागे. तिथं गवतात एक बुटकं लोखंडी दार होतं. कंपनी चालू असताना त्यातनं भंगार बाहेर काढायचे. कडी गंजून बसली होती. त्यांनी एक धोंडा उचलला आणि पाच-सहा घाव घातले. दार उघडलं तर पुढं सेटचं प्लाय. ते लाथेनं फोडलं. भोकातनं धूर बाहेर आला आणि त्याच भोकातनं ते आत गेले.

मी दारात उभी राहिले. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. घरी ते इतक्या मोठ्यानं कधी बोलत नाहीत.

"हिकडं या. माज्या आवाजाकडं या. पळायचं न्हाई. डावा हात भितीवर ठेवा आन पुढच्याच्या पाठीला उजवा."

दर थोड्या वेळानं तेच शब्द, त्याच सुरात. प्रत्येक वेळी जरा लांबून.

मग पहिलं पोर बाहेर आलं. डोळ्यांवर हात धरून, खोकत. त्याच्या मागे दुसरं, तिसरं. मी शिवलेले मळकट कपडे घातलेली मुलं एकामागून एक त्या भोकातनं उन्हात येत होती. आज सांगायला बरं वाटत नाही, पण त्या वेळी माझी नजर त्यांच्या गुडघ्यांवर होती. कुठलं ठिगळ उसवलं, कुठलं टिकलं, ते मी बघत होते. माझी पोरगी एका लहान मुलीचा हात धरून आली. मी तिला जवळ घेतलं नाही. नुसती तिची कॉलर नीट केली. ती म्हणाली, "मम्मी, पप्पा आत हायेत," आणि मी म्हणाले, "माहिताय."

हे शेवटी बाहेर आले तेव्हा युनिटची माणसंही मागच्या बाजूला पोचली होती. सगळे आले का, असं जो तो विचारत होता. हजेरीचा कागद आत राहिला होता. मुलं रडत होती, काही गेटकडे निघाली होती, काहींच्या आया आल्या होत्या. तेव्हा मला कॉलरमधले आकडे आठवले. मुलांना मंडपात ओळीनं बसवलं आणि एकेकाची कॉलर उलटून बघत गेले.  ओळ संपली तेव्हा एक आकडा मिळाला नव्हता. एक्केचाळीस.

"एक्केचाळीस कोण?" यांनी विचारलं.

मला नाव माहीत नव्हतं. मापं माहीत होती. "बारकी हाय. दुसरी-तिसरीतली. दोन्ही गुडघ्यांना ठिगळ."

ते परत आत गेले. या वेळी त्यांनी हाका मारल्या नाहीत, किंवा मला ऐकू आल्या नाहीत. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पोरगी माझ्या शेजारी उभी होती आणि माझ्या ब्लाउजची बाही घट्ट धरून होती.

ते त्या मुलीला कडेवर घेऊन बाहेर आले. तिला काहीही झालं नव्हतं. ती एका खोट्या पाइपात, तिला सांगितलेल्या जागी, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"हाका मारत हुतो तर आलीस का न्हाई?" यांनी तिला विचारलं.

"कट म्हनले न्हाईत अजून," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं.  मी जॅकिटांच्या पिशवीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही.

दुपारी डायरेक्टर आमच्याकडे आले. तरुण माणूस, चेहरा उतरलेला. यांच्यापुढे हात जोडून म्हणाले, "काका, तुम्ही नसता तर..." हे म्हणाले, "त्ये राहू द्या. ते दार रोज उगडं ठेवा. आन पोरं आत असली की धूर सोडायच्या आदी मला इचारा." पुढे काम चालू ठेवायचं की नाही हे मुलांच्या आईवडिलांवर सोपवलं. निम्म्याहून जास्त पालक म्हणाले, तो माणूस दारात बसणार असेल तर पाठवतो. यांनी सोसायटीतनं चार दिवसांची रजा घेतली आणि प्लास्टिकचं स्टूल टाकून त्या बुटक्या दारात बसले.

मीही शिलाई घेऊन तिथंच जाऊन बसायला लागले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, एवढ्या काळोखात तुम्हाला कसं कळलं कुठं चाललोय ते?

"पायानं. मशिनीचे बोल्ट हायेत अजून जमिनीत. हितनं शिरलं की चार बोल्टांचा पॉवर प्रेस, मंग दोन लेथ, मंग मधला रस्ता."

"एवढं ध्यानात ऱ्हायलं?"

ते आत बघत म्हणाले, "मशिनी मीच नट खोलून सोडल्या. कंपनी बंद झाल्यावर. क्रेनवाले गॅसनं कापनार हुते. मी म्हनलं, कापू नका, मी सोडतो. बारा-तेरा दिवस लागले."

त्या दिवसांत ते रोज सकाळी डबा घेऊन घरातून जात होते, हे मला आठवलं. मी समजत होते की काम शोधायला हिंडतायत. त्यांनी स्वतःच्या हातांनी ती शेड रिकामी केली होती आणि संध्याकाळी घरी येऊन जेवून झोपत होते.

"मला सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं त्यात," ते म्हणाले. आतून कुणीतरी शांत राहायला सांगितलं, शॉट सुरू होणार होता, म्हणून आम्ही गप्प झालो.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. बाणेरच्या बाजूला एका मॉलमध्ये सकाळचा खेळ होता, तिघंही गेलो. पडद्यावर ती शेड ओळखू येत नव्हती. शहर खरंच खोल खाली असल्यासारखं वाटत होतं. पळून जाण्याचा प्रसंग डायरेक्टरांनी बदलला होता. दिवे जातात आणि ती बहीण सगळ्यांना सांगते, डावा हात भिंतीवर, उजवा पुढच्याच्या पाठीवर. मी अंधारात यांच्याकडे बघितलं. ते पॉपकॉर्न खात होते. आमची पोरगी पाठमोरी दिसली, तीन-चार सेकंद. तिनं आम्हाला दोघांनाही कोपरानं ढोसलं. माझे कपडे चांगले दिसत होते. खरं तर कुणाच्याही नजरेत येत नव्हते, आणि कपड्यांचं काम बघणाऱ्या त्या मुंबईच्या बाई म्हणाल्या होत्या की ते तसंच असायला हवं. शेवटी मुलं डोंगरावर बाहेर येतात, वर आभाळ असतं आणि सिनेमा संपतो.

परत येताना बस बावधनला अडकली. हे खिडकीशी बसले होते.

"त्या मोठ्या मानसांचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या?" पोरगी म्हणाली.

"खाली ऱ्हायली ती. पंखे बंद पडल्याले. आईबापं हुती की त्या पोरांची."

"पप्पा, ते नाही दाखवलं. मुलं वर आली की संपतो."

"दाखवाय पायजे हुतं," ते म्हणाले.

पोरगी म्हणाली, मुलं वर आलीत म्हणजे आता सगळ्यांना वाट कळली, तर येतील तेही. हे म्हणाले, वाट कळली म्हणून म्हातारी माणसं येत नसतात, कुणीतरी परत जावं लागतं. ती म्हणाली, सिनेमा आहे तो. मग दोघं वाद घालत राहिले, कोण परत जाईल, बहीण की भाऊ, आणि दोघांपैकी एकानं तरी वर का थांबायला हवं. मी मध्ये पडले नाही. भूगाव गेलं तरी त्यांचं चालूच होतं.