हिमयुगाच्या गाळावरचे दोडके

अन्याय झाला तो एका शास्त्रज्ञ बाईंवर. गेल्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या दुपारी, पितरांना पान वाढून घरातली माणसं जेवून उठली त्यानंतर लगेच. जागा : माझं आजोळ, अंगणातला हातपंप. जबाबदार इसम : माझे मोठे मामाजी. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे आणि पत्रकात असंच लिहायचं असतं. पीडित कोण, वेळ कोणती, जबाबदार कोण, मग मागण्या. नातं आड येऊ द्यायचं नाही.

या बाईंनी आयुष्यातली बरीच वर्षं बर्फावर काढली होती. दक्षिण ध्रुवाकडे, तंबूत राहून, बर्फात नळी घालून खालचा जुना बर्फ त्या वर काढत. तिथे पडलेला बर्फ थरावर थर साठत जातो आणि त्या त्या काळची हवा त्यात बुडबुड्यांसारखी अडकून राहते. बर्फाच्या चादरी कधी पसरल्या, कधी आकसल्या, हे त्यावरून कळतं. आता त्यांना दुसरी बाजू बघायची होती. तिकडे बर्फ पसरला तेव्हा इकडे, धानाच्या मुलखात, पावसाचं काय झालं? इथे बर्फ नाही. इथे थर साठतात ते गाळात.

आणि गाळ म्हणजे आमच्या आजोळची इस्टेट. मामाजींचे पूर्वज तलाव बांधणारे. ज्या खोलगट दलदलीला पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून त्यांनी गावचा तलाव केला, ती दलदल त्यांच्याही हजारो वर्षं आधीची. नेमका हाच तलाव पोकलेन लावून मुरूम लागेपर्यंत खरवडायचं आणि काठाने फिरायला ट्रॅक करायचं ग्रामपंचायतीने ठरवलं होतं. मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. गोंदियाच्या आसपास, कुडव्यापासून फुलचूरपर्यंत स्कूटीवरून फिरून प्रत्येक चहाटपरीवर चिकटवलं. ते एकाच माणसाने पूर्ण वाचलं, ते म्हणजे या बाईंनी. त्यांनी फोन केला, की मशीन येण्याआधी मला तुमच्या तलावातून एक पाइपभर गाळ काढू द्याल का?

मासेमारीचे दोन डोंगे एकमेकांना बांधले, त्यावर फळ्या टाकल्या, आणि उन्हाळ्यातही पाणी उरलेल्या, पाळीजवळच्या खोल कोपऱ्यात लांबलचक पाइप गाळात ठोकला. तो वर ओढायला अर्धं गाव आलं. बाई बर्फावरून आल्याचं कळल्यामुळे बायका त्यांना वारंवार विचारत होत्या, की इथलं ऊन सोसून राहिलं का. बाई घामाने निथळत हो म्हणत होत्या. मामाजींनी तेवढ्यात मुद्द्याचं विचारलं.

"तिकडच्या बर्फाचं आमच्या धानाशी काय वो मॅडम?"

बाई म्हणाल्या, "काका, तिकडे बर्फ वाढला तेव्हा तुमचा पाऊस आटला असावा, असा माझा अंदाज आहे. आता तिकडचा बर्फ वितळतोय. मग तुमच्या पावसाचं काय होईल, हे सांगायच्या आधी मागे काय झालं ते बघायला नको?"

मामाजींना ते पटलं. त्यांना पटलं की ते पाहुण्याला घरचा समजतात, आणि इथेच घोळ झाला.

पाइपाचे तुकडे केले, टोपणं लावली, वरची बाजू कळावी म्हणून प्रत्येकावर बाण काढला. त्याआधी बाईंनी टोकाच्या गाळाचे फोटो घेतले, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवून चाखलासुद्धा. मग सगळे तुकडे मामाजींच्या धानाच्या खोलीत ओल्या पोत्यांखाली ठेवले. अक्षय तृतीयेला बाई दरेकशाच्या डोंगराकडची माती बघायला गेल्या. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा मामाजींनी स्वतः पाइप जीपमध्ये चढवून ठेवले होते. टोपणं जागेवर, बाण वर.

आठवड्याने बाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या प्रयोगशाळेत थंड खोली, पांढरे कोट घातलेले वरिष्ठ, सगळे टेबलाभोवती उभे. करवतीने पाइप उभा चिरला. टेबलावर तांदूळ सांडला. आमच्याकडचा सुवासिक चिन्नोर. वास सगळ्या इमारतीत. दुसरा चिरला, तांदूळ. वरिष्ठांनी त्यांना विचारलं म्हणे, हा कोणत्या काळातला थर?

आमच्याकडे पाहुण्याचं भांडं परत करायचं तर घासून, धुऊन, आणि भरून. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी तिची वाटी रिकामी जात नाही. मला हे माहीत आहे, मी त्यातच वाढले. पण पाइपाला कोणी भांडं समजेल हे माझ्या कोणत्याही पत्रकात नव्हतं.

मी स्कूटी काढली. मामाजी मांडवाखाली बसले होते.

"मामाजी, पाइपातला गाळ काऊन काढला?"

"काऊन म्हणजे? तिचं पाहून झालं होतं ना. फोटो काढले, वास घेतला, चाखला. पाहून झालेला चिखल कोनी घरी नेते काय वो? आनि सनाच्या दिवशी पाहुनीचं सामान चिखलानं भरलेलं देऊ? लोक म्हनतील, यांच्या हातपंपाले पानी नाई."

"मग तो गाळ टाकला कुठे?"

त्यांनी वर बोट दाखवलं. मांडवावर दोडके लटकत होते, प्रत्येक माझ्या हाताएवढा. खाली वेलांच्या बुडाशी सगळं हिमयुग परवाच्या शेवाळात कालवून पसरलेलं, वर शेणखत. बाईंनी फोनवर विचारलं होतं, थर वेगळे करता येतील का. मी उकिडवी बसून थोडा वेळ तेही बघितलं.

मग मी मामाजींना सगळं सांगितलं. पोकलेन दोन-चार दिवसांत येणार, तलावाचा तळ ट्रॅक्टरमधून जाणार, आणि बाईंची मेहनत गेली. एवढं बोलून मी दम घेतला. मामाजींनी एवढंच विचारलं.

"म्हणजे ती आपल्या घरून रिकामी गेली?"

"रिकामी कशी? पाइपभर चिन्नोर नेला तिने."

"तांदूळ तिले कायले पायजे होता? ज्यासाठी आली ते भेटलं नाई. मग रिकामीच गेली."

मी बाईंना पुन्हा बोलावलं आणि 'गाळ वाचवा' नावाचं नवं पत्रक छापलं. गावाने ते वाचून मला विचारलं, की गाळ शेतात टाकायला आम्ही वर्षभर वाट पाहून राहिलो, आणि तू वाचवून करशील काय?

पोकलेन आली त्या सकाळी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तलावावर पोचले, तर खोल कोपऱ्यात उतरायच्या वाटेवर मामाजींची बाज. बाजेवर मामाजी, डोक्यावर ओला पंचा, उशाला पाण्याचा गडू. मशीनवाला गोंदियाचा. तो बिचारा माझ्याकडे वळला.

"मॅडम, आंदोलन तो कीचड़ हटाने के लिए होता है. ये कीचड़ रखने के लिए है क्या?"

मी मागण्या वाचायला सुरुवात केली. मामाजींनी मला हाताने गप्प केलं.

"हमारी पाहुनी आके राहिली," ते त्याला म्हणाले. "वो आने तक उधर से खोदो."

सरपंच आले. ते मामाजींचे साडू. ते बाजेच्या पायथ्याशी बसले, चहा आला, त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं झालं, आणि चहा संपेपर्यंत ठरलं की हा कोपरा सगळ्यात शेवटी. माझं पत्रक त्यांनी बशीखाली ठेवायला घेतलं. पर्यावरण, हवामान, भावी पिढ्या, काहीही मध्ये आलं नाही. पाहुणी रिकामी जाऊ नये एवढ्यावर पोकलेन वळली. मी अजून त्यावर रागावलेली आहे, पण वळली.

बाई आल्या. पुन्हा डोंगे, पुन्हा पाइप. यावेळी तुकडे खोलीत ठेवले आणि दाराशी मी बसले, कारण मामाजी दोनदा ओला फडका घेऊन आले. बाहेरून तरी पुसतो म्हणाले. बाहेरूनही नाही, मी म्हटलं. रात्री जेवणात दोडक्याची भाजी होती. बाईंनी पहिला घास घेतला, एकदा मांडवाकडे बघितलं, आणि आणखी वाढायला सांगितलं. निघताना तांदूळ वेगळ्या थैलीत दिला. गाळ पोचला, थर शाबूत आहेत, काम चालू आहे. बर्फाचा आणि आमच्या पावसाचा हिशेब लागायला वेळ लागेल. तो कोपरा मात्र आता मुरमापर्यंत खरवडलेला आहे. तिसऱ्यांदा काही निघणार नाही.

तुमच्याही गावात जुना तलाव आहे आणि तुमच्याकडेही पोकलेन येणार आहे. म्हणून मागणी तुमच्याकडे करते, सरकारकडे नाही. ती यायच्या आत तलावाच्या सगळ्यात खोल जागी एक पाइप ठोका, गाळासकट वर काढा, दोन्ही तोंडं बंद करा, वर बाण काढा, आणि जवळच्या कॉलेजला फोन करून सांगा, की येऊन न्या. नेईपर्यंत दाराशी बसा. आणि घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा, की धुवायचा नाही.