पानमळ्याच्या दारातली तिसरी जोडी

तुमच्या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात लाल शाईनं शून्य देते. अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय हो... भूत-बीत हे रिकाम्या डोक्याचे उद्योग, असं मी वर्गात ठणकावून सांगायची. आता माझ्या पत्राला कोणी शून्य दिलं तर तक्रार नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी पुण्याचे एक दिग्दर्शक आमच्याकडे सिनेमा करायला आले. विषय – वऱ्हाड मध्यप्रांतात होता त्या काळातला, अख्खा अकोला जिल्हा ढवळून काढणारा एक खून. अकोटजवळच्या पानमळ्यात यशोदा नावाच्या बाईचा नवरा मारला गेला. मारणारा तिचा प्रियकर, पानांचा व्यापारी. कट दोघांचा, असं कोर्टात ठरलं. त्याला फाशी, तिला जन्मठेप. ती तुरुंगातच वारली. ही यशोदा म्हणजे माझ्या आजोबांची, आबाजींची, थोरली बहीण.

यशोदेचं म्हणणं होतं की कट वगैरे काही नव्हता, नवऱ्यानंच आधी विळा उगारला. ‘माझा भाऊ तिथं होता, त्यानं सगळं पाहिलंय, त्याला विचारा,’ असं ती सांगत राहिली. आबाजींनी शपथेवर सांगितलं – मी त्या दिवशी मळ्यात गेलोच नाही. आणि कोर्टानं ते मानलं ते पायताणांवरून. पानमळा म्हणजे आमच्याकडे देवघरच. आजही तिथं कोणी पायात काही घालून शिरत नाही, दारातच काढून ठेवतात. बाया तर तेव्हा अनवाणीच असायच्या. पंचनाम्यात दारापाशी दोनच जोड्या होत्या, नवऱ्याची आणि त्या व्यापाऱ्याची. तिसरी जोडी नाही, म्हणजे भाऊ नव्हता. गणितासारखं स्वच्छ!

आबाजी माझं दैवत होते. लहानपणी मी शेजारच्या बागेतलं एक संत्रं तोडलं आणि ‘मी नाही’ म्हणाले, तर त्यांनी मला अख्खी दुपार देवासमोर उभं केलं होतं. यशोदेचा विषय निघाला की एवढंच म्हणायचे, “सख्ख्या भावाले बुडवाले निघाली होती थे. मले बहीण नाई.” मग मीही तिचा राग राग करतच मोठी झाले. दिग्दर्शक माहिती विचारायला आले तेव्हा माझी एकच अट होती, आबाजी खरं बोलले असंच दाखवायचं. ते म्हणाले, “ताई, तसंच लिहिलंय.” वर मला सल्लागारही करून टाकलं. पानं कशी खुडायची, वऱ्हाडी कशी बोलायची, ते मी शिकवायचं.

शूटिंग अंजनगावकडच्या देवरावभाऊंच्या पानमळ्यात होतं. सकाळचे दहा, लख्ख ऊन. दाराचा शॉट लावला होता – नवऱ्याचा कोल्हापुरी जोड आणि व्यापाऱ्याचे पंपशू. मी सहज बघायला गेले आणि थबकले. शेजारी तिसरी जोडी होती. जुन्या चामड्याच्या वहाणा. डाव्या वहाणेला टाचेमागून पट्टा, उजवीला नाही.

त्या वहाणा मी हजारात ओळखल्या असत्या. आबाजींच्या डाव्या पायावरून लहानपणीच गाडीचं चाक गेलं होतं. वहाण पायात टिकायची नाही, म्हणून ते चांभाराकडून तेवढ्या एका वहाणेला मागून पट्टा लावून घ्यायचे. दर रविवारी त्या वहाणांना एरंडेल चोळायचं काम माझ्याकडे होतं.

“भाऊ, या कोणाच्या?” मी विचारलं.

देवरावभाऊ म्हणाले, “कोन्त्या, बाई? दोनच तं हायेत इथं.”

मी वाकून हात लावला. चामडं लागलं हाताला, तेलकट. मान वळवून कपडेपट सांभाळणाऱ्या मुलीला हाक मारली आणि परत पाहिलं... दोनच जोड्या. बोटांचा एरंडेलाचा वास मात्र संध्याकाळपर्यंत गेला नाही, साबणानं तीनदा धुऊनसुद्धा. ऊन लागलं असेल, बीपी वाढलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कोणाला काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी अमरावतीत एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये कोर्टाचा सीन होता. यशोदेचं काम करणारी ईशा पुण्याची. पोरगी गोड, पण शूटिंगआधी दोन आठवडे घासूनही तिच्या तोंडात ‘मले’ काही नीट बसत नव्हतं. तिला एवढंच म्हणायचं होतं, “माहा भाऊ होता तिथं. त्याले इचारा.” ते तिनं म्हटलं. आणि थांबली नाही. न्यायाधीशाकडे बघायचं सोडून तिनं कॅमेऱ्याच्या मागे बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

“दारात त्याच्या वाहना होत्या, सायेब. डाव्या वाहनेले मांगून पट्टा हाये. त्यानं सारं पायलं, अन् वाहना हातात घेऊन पळाला थो. मी आवाज देऊन राहिली होती... त्यानं मांगं बी नाई पायलं.”

एकही शब्द अडखळला नाही.

“कट! हे स्क्रिप्टमध्ये कुठं होतं?” दिग्दर्शकांनी विचारलं. ईशा गोंधळून सगळ्यांकडे बघत होती. “मी काय बोलले?” दिग्दर्शक मात्र खूश! माझ्याजवळ येऊन म्हणाले, “ताई, तुम्ही सांगितलंत का तिला? आजोबांची अशी वहाण होती का? असेल तर मी हे ठेवतो. शेवटच बदलतो सिनेमाचा.”

मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मला ते संत्रं आठवलं, देवासमोर सुजलेले पाय आठवले, आणि असा संताप आला म्हणून सांगू! या माणसानं बहिणीला फसवलं ते फसवलंच, मला जन्मभर फसवलं. ज्या वहाणा हातात घेऊन हा पळाला, तशाच वहाणांना माझ्या हातून तेल लावून घेतलं.

आणि तरीही मी म्हणाले, “नाही. आमच्या घरात असं काही नव्हतं.”

दुसरा टेक झाला. ईशा ठरलेलंच वाक्य बोलली, नेहमीच्या अडखळत्या पुणेरी सुरात. सिनेमा आला, चालला. अमरावतीच्या थेटरात माझ्या मागची बाई नवऱ्याला म्हणाली, “कशी खोटारडी होती पाय, भावाले बी नाई सोडलं!” मी पॉपकॉर्न खात बसले.

मध्ये ईशाचा फोन आला होता. “ताई, त्या दिवशी मी बोलले ते खरं होतं का हो?” रेंज नाही गं, म्हणून मी फोन ठेवला.

त्या वहाणा कुठून आल्या, बोटांना वास कसला होता, पुण्याच्या पोरीला तो पट्टा कोणी सांगितला, यातलं एकही गणित मला आजवर सुटलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुटलं तर जरूर कळवा.

आणि संपादकसाहेब, एक विनंती. आमच्या गावात आबाजींच्या नावाला अजून मान आहे. पत्राखाली माझं नाव छापू नका.