क्युपर्टिनोतला राजयक्ष्मा

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा आम्ही क्युपर्टिनोत राहायला गेलो, आणि त्या काळात माझं डोकं कायम तापलेलं असायचं. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी पुण्यात आयुर्वेदाची पदवी घेतलेली, क्षयाच्या वॉर्डात इंटर्नशिप केलेली, वर्षभर स्वतःचा दवाखाना चालवलेली वैद्य. तिथे गेल्यावर मी कोण, तर इंजिनिअरची बायको आणि चार वर्षांच्या मुलीची आई. माझ्या पदवीचं नाव ऐकून लोक गोड हसायचे आणि विचारायचे, ‘म्हणजे योगा का?’ माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा लायब्ररीच्या फळ्यावर नवऱ्याला एक जाहिरात दिसली. ‘अगं, मेडिसिनचा कोर्स आहे इथे. जॉइन कर ना यार. रोज माझी जीभ तपासतेस, त्यापेक्षा बरं.’ मलाही त्या जाहिरातीत ‘मेडिसिन’ एवढाच शब्द दिसला. आता इथून पुढे एकेक पायरी चढत मी परत डॉक्टर होणार, असं मनाशी ठरवून मी फी भरली, नवं पेन घेतलं, इस्त्रीची साडी नेसले आणि गुरुवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत जाऊन थडकले.

खोलीत सगळे सत्तरीच्या आसपासचे. टेबलावर कॉफीचा थर्मास, घरी केलेली बिस्किटं, कोणाचं तरी विणकाम. तो निवृत्त लोकांचा हौसेचा वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, उंचच्या उंच, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. विषय होता तीनशे वर्षांपूर्वी युरोपातले डॉक्टर काय करायचे हा. मी कपाळाला हात लावला आणि परत फिरणार, तेवढ्यात दाराजवळच्या एका आजोबांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. आता ओढलेल्या खुर्चीचा अपमान कसा करायचा? बसले. हे आजोबा जर्दाळूच्या बागेचे मालक. बाग बहुतेक कंपन्यांच्या इमारतींखाली गेली होती. एक तुकडा आणि दोन शेळ्या तेवढ्या त्यांनी राखल्या होत्या. बोलणं कमी, हात सुपाएवढे.

त्या महिन्यात वर्गात क्षय, म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत ‘कन्सम्प्शन’, चालू होता. एक्स-रे नाही, थर्मामीटर नाही, छातीला लावायची नळीसुद्धा नाही, अशा काळात डॉक्टर क्षय कसा ओळखायचे ते बाई रंगवून सांगत. रोग्याचा बेडका पाण्यात टाकायचा आणि बुडतो का बघायचं. निखाऱ्यावर टाकून वास घ्यायचा. संध्याकाळी गाल लाल होतात का, नखं वाकली आहेत का, केस गळतात का, ते पाहायचं. कारणं विचाराल तर फार अभ्यास, फार शोक, आणि फसलेलं प्रेम. मग उपचार. गाढविणीचं दूध, शेळीचं दूध, गोगलगाईंचा अर्क, रोज घोड्यावरून रपेट, आणि सकाळी नांगरलेल्या मातीत खड्डा करून त्यात तोंड घालून श्वास घ्यायचा.

वर्ग हसून हसून बेजार झाला. शेळीच्या दुधाला तर एक आजी डोळे पुसायला लागल्या. मी मात्र हसत नव्हते. मला पुण्यात परीक्षेत क्षयाच्या उपचारांचाच प्रश्न आला होता आणि मी तो उत्तम लिहिला होता. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, ‘यात हसण्यासारखं काय आहे? आमच्याकडेही शेळीचंच दूध सांगितलंय. दूध, तूप, आणि झोपायचंसुद्धा शेळ्यांच्या कळपात!’

झालं, म्हटलं, आता बाई मला गोड शब्दांत बाहेर काढणार. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, ‘शेळ्यांच्या मध्ये? की शेजारी?’ त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मी उभी राहिले आणि सुटलेच. क्षयाला आम्ही राजयक्ष्मा म्हणतो, म्हणजे रोगांचा राजा. कारणं चार. ताकदीबाहेरचं धाडस, शरीराचे वेग अडवून धरणं, शोकाने किंवा उपासाने झिजणं, आणि वेळी-अवेळी वाटेल ते खाणं. अडुळसा काय करतो, पिंपळी काय करते, सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी मी कोणापुढे वैद्य म्हणून बोलत होते आणि समोरचे लोक लिहून घेत होते. त्या दिवसापासून मी वर्गाची डॉक्टर झाले. गुडघेदुखीपासून मांजराच्या खोकल्यापर्यंत सल्ले विचारले जाऊ लागले. मला असा काही आनंद झाला होता की नवऱ्याची जीभ तपासायची मी विसरूनच गेले.

त्याच सुमारास आमचं ग्रीन कार्ड झालं आणि मला काम करायची मुभा मिळाली. जवळच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस हवी होती. अंघोळ घालणं, भरवणं, चालवणं. सासरी कळलं असतं तर त्यांना वाटलं असतं की सून अमेरिकेत जाऊन धुणीभांडी करते. पण आजारी माणसाच्या जवळ जाऊन बसण्याची ती एकच वाट मला उघडी होती आणि मला ती नोकरी मनापासून हवी होती. तिथल्या मॅनेजर बाईंना मी पसंत पडले. फक्त क्षयाची चाचणी करून या, म्हणाल्या.

ती चाचणी म्हणजे हातावर एक छोटी सुई टोचतात आणि दोन दिवसांनी सूज बघतात. माझ्या हातावर चांगली लिंबाएवढी लाली उठली. दवाखान्यातली नर्स मागेच सरकली. मी दंडावरचा बीसीजीच्या लशीचा वण दाखवला. आमच्याकडे लहानपणी ही लस देतात, त्यामुळे हात असा सुजू शकतो, असं सांगितलं. तिने तो वण आयुष्यात प्रथमच पाहिला होता. म्हणाली, एक्स-रे निघेपर्यंत नोकरी नाही. आणि एक्स-रेची तारीख पुढच्या पंधरवड्यातली.

घरी येताना मी तिला मराठीतून मनसोक्त शिव्या घातल्या. पण घराच्या पायऱ्या चढताना इंटर्नशिपमधला क्षयाचा वॉर्ड आठवला. लस खरी, पण तो वॉर्डही खरा होता. तिथे कितीजण माझ्या तोंडासमोर खोकले होते. त्यांतल्या एकीचं मूल दाराबाहेर उभं राहून आईकडे बघायचं, त्याला आत सोडत नसत. मला खोकला नव्हता, ताप नव्हता, वजन तर चांगलंच वाढलं होतं. असा माणूस कोणाला रोग देत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं असतं आणि पूर्ण मार्क मिळवले असते. तरी मी माझं ताट, भांडं वेगळं केलं. अंथरूण हॉलमध्ये नेलं. लेकीचा पापा घेणं बंद केलं. ती अर्धं खाल्लेलं काहीही माझ्या तोंडाशी आणायची, तिची सवयच होती, आणि मी तोंड फिरवायची.

‘आई, आर यू मॅड ॲट मी?’ तिने विचारलं.

‘नाही गं बाळा, आईला जरा बरं नाहीये.’

नवरा म्हणाला, ‘तूच डॉक्टर ना? मग तूच कसली घाबरतेस? आणि शनिवारी मित्रांना जेवायला बोलावलं होतं, ते का कॅन्सल केलंस? सगळे विचारतायत.’ मी त्याला म्हटलं, तू गप्प बस. तो गप्प बसला, पण उशी घेऊन तोही हॉलमध्ये आला. मी त्याला परत पाठवलं.

गुरुवारी वर्गात बाईंनी विचारलं, नोकरीचं काय झालं? मी हात पुढे करून दाखवला. वाटलं, सगळे खुर्च्या मागे घेतील. घडलं भलतंच. म्हाताऱ्या मंडळींच्या डोळ्यांत चमक आली. इतके दिवस पुस्तकातला रोगी होता, आता खराखुरा समोर बसला होता! ‘आपल्या डॉक्टरणीलाच कन्सम्प्शन!’ एक आजी आनंदाने म्हणाल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला. बाईंनी खडू उचलला. तीनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने माझं निदान सुरू झालं. नखं बघितली, केस ओढून पाहिले, गाल पाहिले. फार अभ्यास केला होता का? केला होता. शोक? सासरहून पत्र येतं तेव्हा, मी म्हटलं. फसलेलं प्रेम? तो इंजिनिअर आहे, एवढंच सांगितलं. बेडका पाण्यात टाकायला मी साफ नकार दिला.

उपचारांची कामं वाटून घेतली गेली. एका आजींनी बागेतल्या गोगलगाई बरणीत भरून आणल्या, धुऊन, पुसून, झाकणाला भोकं पाडून. मी शाकाहारी असल्याचं सांगितल्यावर त्या बिचाऱ्या ओशाळल्या आणि मग दोघींनी मिळून लायब्ररीच्या हिरवळीवर गोगलगाई सोडून दिल्या. दुसऱ्या एकींच्या मुलीकडे टेकडीच्या पायथ्याशी घोडा होता. नवऱ्याची पँट घालून मी त्यावर बसले. घोडा चार पावलं गेला, गवत दिसल्यावर थांबला आणि अर्धा तास हलला नाही. ‘हवापालट झाला ना, तोच खरा उपचार,’ आजी खालून ओरडून सांगत होत्या. मी वर बसून हसत होते. त्या दिवसांत मी इतकी हसले, आणि घरी गेल्यावर माझं वेगळं ताट बघून पुन्हा गप्प व्हायची.

या सगळ्यात जर्दाळूवाले आजोबा मात्र एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, हे घाबरले. पुढच्या गुरुवारी ते शेळीच्या दुधाची किटली घेऊन आले. कच्चं दूध मी पिणार नाही, असं डॉक्टरकीच्या थाटात सांगून मी लायब्ररीच्या छोट्या स्वयंपाकघरात ते उकळलं, साखर घातली. आजोबा दाराशी उभे होते. बाकीचे बाहेर बिस्किटांवर होते. मी कपभर दूध घेतलं, अर्धं प्यायले आणि पुढे जाईना. आमच्या पुस्तकांनी कितीही गोडवे गायले तरी शेळीच्या दुधाला शेळीचाच वास येतो. कप मी ओट्यावर ठेवला.

आजोबांनी तो उचलला आणि तोंडाला लावला.

‘अहो, काय करताय! उष्टं आहे ते!’ मी मराठीतूनच किंचाळले. मग इंग्रजी शब्द शोधायला लागले तर सापडेना. कशीबशी म्हटलं, ‘माझं तोंड लागलंय त्याला.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले आणि सावकाश कप संपवला. मग ओठ पुसून म्हणाले, ‘विसाव्या वर्षी मला झाला होता. खरा. तेव्हा औषध नव्हतं. डोंगरातल्या सॅनिटोरियममध्ये व्हरांड्यात झोपवायचे, बर्फ पडला तरी. बरा होऊन घरी आलो तर आईने माझा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला. आई चांगली होती. पण मरेपर्यंत तिने तो खिळा काढला नाही.’

ते हसले.

‘मग एका मुलीने बागेत माझ्या हातातला जर्दाळू घेतला, मी अर्धा खाल्लेला, आणि खाऊन टाकला. मी तिला सगळं सांगितलेलं असताना. मी तिथेच तिला लग्नाचं विचारलं.’ जरा थांबून म्हणाले, ‘तुला खोकला नाही, ताप नाही. तू त्या घोड्यापेक्षा धडधाकट आहेस. तू डॉक्टर आहेस, तुला हे माझ्याहून जास्त कळतं.’

कळत होतंच. कळून उपयोग होत नव्हता. मी तिथे ओट्याला टेकून रडले, आणि ते कप विसळत उभे राहिले.

एक्स-रे पुढे स्वच्छ निघाला. नोकरी मिळाली आणि ती मी पुष्कळ वर्षं केली. पण ते सगळं नंतरचं. त्या गुरुवारी मी घरी आले तेव्हा एक्स-रेची तारीखसुद्धा उजाडायची होती. लेक जिन्यावर बसून तूप-साखरेची पोळी खात होती. मला बघून उठली, सवयीने पोळीचा चावलेला तुकडा पुढे केला आणि मी तोंड फिरवणार म्हणून स्वतःच हात मागे घेतला. मी तिचा हात धरला आणि तुकडा खाल्ला. ‘आई, दॅट वॉज माईन,’ ती म्हणाली आणि दुसरा तुकडा आधी स्वतः चावून, मग माझ्या तोंडात घातला.