पुढं बसा, मास्तर

स्टेशनवरून गावात यायला मी नेहमी एकाच टांगेवाल्याचा टांगा करायचो. जर्मनच्या लढाईत तो फौजेतून इराकात, बसऱ्याला लढला होता. बाकीचे टांगेवाले गिऱ्हाइकाला मागे ऐसपैस बसवायचे. हा मात्र आपल्या शेजारी, पुढेच बसवायचा. "पाठीमागं माणूस नको, मास्तर. माणूस नको." शेवटचे शब्द तो दोनदा म्हणायचा. वाटेत मी घरच्या, घरमालकाच्या कुरबुरी सांगत सुटायचो आणि तो घोड्याच्या कानांकडे बघत मुकाट ऐकायचा.

मग एका दुपारी, भाजीवालीचा हात पिरगळणाऱ्या गुंडाला त्याने सगळ्यांदेखत टांग्यात घातलं. त्यालाही पुढेच बसवलं. टांगा माळाकडे गेला आणि रिकामा परत आला. गुंड पुन्हा कुणाला दिसला नाही. स्टेशनबाहेर याला मात्र चहा फुकट मिळू लागला.

परवा मी शेजारी बसलो, तसं त्याने हलकेच विचारलं, "तुमचा तो घरमालक अजून तरास देतो का? तरास देतो का?"

त्याच सकाळी घरमालकाने आमच्या नळाला कुलूप घातलं होतं.

"छे, छे! देवमाणूस आहे हो," मी म्हणालो.

त्याने लगाम खेचून टांगा थांबवला. "मग आवाज का कापतो, मास्तर? का कापतो?"