बंदी नको, दंड लावा

नकाशा पुढ्यात आला की साहेबांचा हात कोटाच्या खिशात जायचा आणि मूठभर चिंचोके घेऊन बाहेर यायचा. मग एकेक चिंचोका माझ्या नकाशावर ठेवत ते विचारायचे, "बोला, इथे दंड किती?"

तुमच्यापैकी कोणी सरकारी कचेरीत दिवस काढले असतील तर त्यांना ठाऊक असेल, नकाशे काढणारा माणूस चिडका असतो. मी तर जरा जास्तच. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई वाळायच्या आत कोणी मोठ्याने शिंकलं तरी माझ्या कपाळाला आठी पडायची. आणि इथे साहेबांच्या खिशातले चिंचोके, तंबाखूची भुकटी लागलेले! मी आतल्या आत धुमसत राहायचो आणि साहेब मात्र सोंगट्या मांडल्यासारखे मन लावून चिंचोके मांडत बसायचे.

त्या वेळी गडचिरोली हा चांदा जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि आमची राजधानी होती नागपूर. चांद्याच्या बांधकाम कचेरीत मी ड्राफ्ट्समन होतो. साहेब तिथले इंजिनियर, जबलपूरकडचे, घरात मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे त्यांच्या मराठीत अधूनमधून एखादा "अरे भाई" डोकावायचा. अंगाने किरकोळ. कोट मात्र कोणा धिप्पाड माणसाच्या मापाचा वाटायचा.

चिंचोक्यांमागचं त्यांचं म्हणणं सोपं होतं. पूल पुराच्या पाण्याहून उंच हवा, रस्त्याला अवघड वळण नको, कोणाचं धानाचं शेत जायला नको, मोठी झाडं तोडायला नकोत आणि खर्च मंजुरीत बसायला हवा. हे सगळे नियम एकदम पाळायचे म्हटले तर कागदावर रेघच उमटत नाही. म्हणून साहेब कुठलाच नियम बंदी म्हणून घेत नसत. नियम मोडायला मुभा होती, पण मोडला की दंड. थोडा मोडला तर थोडे चिंचोके, जास्त मोडला तर ढीग. मग रेघ जराशी इकडे सरकवायची, पुन्हा चिंचोके मांडायचे. जिथे सगळा मिळून दंड कमीत कमी, तिथे रस्ता.

"बंदी घातली की माणूस विचार करायचं सोडतो," ते म्हणायचे. "बंदी नको, दंड लावा. मग डोकं चालतं."

ही कल्पना त्यांना कॉलेजात मिळाली की जंगलात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण एकदा दौऱ्यावर असताना एका गोंड गावात पंच बसलेले आम्ही पाहिले. गावातल्या एका तरुणाने रीत मोडून लग्न केलं होतं. पंचांनी बराच वेळ वाद घातला, मग त्याच्या घराला गावजेवणाचा दंड लावला आणि संध्याकाळी तोच तरुण पंगतीच्या टोकाला बसून मान खाली घालून जेवत होता. साहेब त्यानंतर कित्येक दिवस तेच बोलत होते. "बाहेर नाही काढलं त्याला! दंड घेतला आणि आत बसवलं. काय अक्कल आहे, भाई!"

कचेरीतही त्यांचा हाच खाक्या. नकाशांच्या खोलीत विडी ओढायला हेडक्लार्कने बंदी केली होती आणि अर्थातच तिथे सगळेच ओढत होते. साहेबांनी बंदी उठवली आणि दंड लावला: जो विडी ओढेल त्याने विहिरीचं पाणी शेंदून बागेला घालायचं. महिन्याभरात आमच्या कचेरीची बाग अशी फुलली की कलेक्टरसाहेब बघून गेले. विड्या मात्र एकीनेही कमी झाल्या नाहीत. मी हे साहेबांना जरा आनंदानेच सांगितलं.

"म्हणजे दंड कमी पडला," ते म्हणाले. "चूक ओढणाऱ्याची नाही, दंड लावणाऱ्याची."

अशा माणसाशी भांडण तरी कसं करणार, सांगा!

चामोर्शीच्या पुढे जंगलात शिरताना एक नाला लागायचा. उन्हाळ्यात त्यातून बैलगाडी आरामात जायची, पावसाळ्यात पलीकडचं गाव जगापासून तुटायचं. पाण्याचा अंदाज चुकून दर पावसाळ्यात कोणी ना कोणी वाहून जायचं. पलीकडच्या गावच्या पाटलांचा थोरला मुलगा चामोर्शीच्या बाजारातून मीठ घेऊन परतताना तिथेच गेला होता. पाटील म्हणजे एक म्हातारे गोंड गृहस्थ, बोलणं मोजकं. पुलाचा अर्ज घेऊन ते कितीदा तरी चांद्याला आले होते.

पूल होत नव्हता, कारण नियमाप्रमाणे तो पुराच्या वर हवा आणि तेवढ्या उंच पुलाला पैसा नव्हता. साहेबांनी नकाशा घेतला, चिंचोके काढले आणि एका दुपारी रपटा ठरवून टाकला. रपटा म्हणजे नाल्यात बसका, दगडी, रुंद बांध, खालून पाणी जायला मोऱ्या. मोठा पूर आला की पाणी सरळ त्याच्या डोक्यावरून जाणार, तेवढे काही तास वाट बंद, पाणी उतरलं की पुन्हा सुरू. कठडा मुळीच नाही, नुसते कडेला अंतराअंतरावर ठेंगणे दगड, म्हणजे वाहत आलेल्या फांद्या अडकणार नाहीत.

नागपूरचे मोठे साहेब नकाशा पाहून भडकले. "पाण्याखाली जाणारा पूल? आणि वाहून गेला तर?"

"तर या भागात पुन्हा कोणी रपटा बांधणार नाही," साहेब म्हणाले, "आणि मी राजीनामा देईन."

हे ते इतक्या सहज बोलले की मोठ्या साहेबांनी सही करून टाकली. मी मनात म्हटलं, घरी दोन लहान मुली आणि बायको असलेला माणूस असं बोलतो?

उन्हाळ्यात रपटा झाला. गावातली झाडून सगळी माणसं कामावर होती. पावसाच्या तोंडावर आम्ही शेवटची पाहणी करायला गेलो, तर रपट्याच्या दोन्ही कडांना या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूचा सुरेख विणलेला कठडा! दगडांना घट्ट बांधलेला. पाटील बाजूला उभे.

"पोरं पडतीन ना, सायेब," ते म्हणाले. "ढोरं बी."

ज्याचा मुलगा त्या पाण्यात गेला त्याला 'हे काढा' असं कोण सांगणार? साहेब खाली बसले. फांद्या कशा अडकतात, त्यामागे पाणी कसं तुंबतं आणि मग तेच पाणी रपट्याला कसं ढकलतं, हे त्यांनी काड्या मांडून दाखवलं. पाटलांनी मान डोलावली.

"कोरड्या दिवसांत राहू द्या. पण मोठं पाणी यायच्या आत काढायचा."

"काढून टाकू."

"नाही काढला तर?"

"मंग दंड लावा," पाटील म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

"ठीक. नाही काढला तर गावजेवण. आणि मलाही बोलवायचं."

सगळं गाव हसलं. जीपमध्ये साहेब भलतेच खूश होते. "बंदी घातली असती तर म्हाताऱ्याचं मन मोडलं असतं," असं त्यांनी मला चांद्यापर्यंत पुन्हा पुन्हा ऐकवलं.

मग एका सकाळी पूर्वेकडचं आभाळ डोंगरांवर टेकल्यासारखं काळं झालं आणि आम्ही चामोर्शीच्या मुक्कामावरून जीप काढली. नाल्यावर पोचलो तेव्हा पाणी मोऱ्या भरून रपट्याच्या काठाला लागलं होतं. कठडा जागच्या जागी होता. आणि पलीकडच्या काठावर, झाडांखाली, चुलींचा धूर निघत होता. मोठाली भांडी चढलेली. बायका पळसाच्या पत्रावळी लावत होत्या.

साहेबांना जेवणाचं बोलावणं द्यायला निघालेला गावातला एक माणूस अलीकडच्या काठावर अडकून पडला होता. साहेबांनी त्याला गाठलं. "कठडा काऊन नाही काढला?" त्यांच्या तोंडून त्याची बोली निघून गेली.

"काढला असता तं जेवन कुठचं, सायेब?" तो आनंदाने म्हणाला. "तुमचा दंड शिजून राह्यला तिकडं! सारे तुमचीच वाट पाहून राह्यले."

साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. गावाने मनापासून विचार केला होता. एका बाजूला कठडा, पोरांच्या जिवाची काळजी. दुसऱ्या बाजूला साहेबांसोबत पंगत. दोन्ही गोष्टी चांगल्याच! असा दंड कोण चुकवील?

"कमी पडला," साहेब पुटपुटले. "माझाच दंड कमी पडला."

तेवढ्यात उपटलेलं एक बांबूचं बेट वाहत आलं आणि कठड्याला धडकून बसलं. त्यामागे फांद्या, गवत, लाकडं. पाहता पाहता वरच्या अंगाला पाणी फुगलं, खालच्या अंगाला खड्डा दिसू लागला. साहेबांनी जीपमधली कुऱ्हाड घेतली, बूट काढले आणि सरळ रपट्यावर पाऊल टाकलं.

मी त्यांचा कोट मागून घट्ट धरला. आयुष्यात साहेबांवर ओरडलो तो तेवढाच. "नाही जायचं! इथे दंड नाही साहेब, इथे बंदी! साफ बंदी!"

ते थांबले. माझ्याकडे वळून पाहिलं, आणि कुऱ्हाड खाली आली.

पलीकडे धावपळ सुरू झालेली दिसली. पाटलांना कळलं होतं. त्यांनी कठड्याच्या टोकाला बैलांचे कासरे बांधले आणि सगळं गाव ओढायला लागलं, बायकासुद्धा. आम्ही इकडच्या टोकाला जीपचा दोर बांधला. साहेब, मी, ड्रायव्हर आणि तो अडकलेला माणूस. चिखलात पाय रोवून ओढत होतो आणि तोंडाने काय काय बोलत होतो देव जाणे. एकदम कडाड आवाज झाला, पलीकडचं टोक सुटलं, आणि सगळा कठडा शिवण उसवावी तसा उसवत गेला. बांबूचं बेट फिरलं आणि निघून गेलं. आम्ही चौघे चिखलात उताणे.

त्यानंतर रपटा पाण्याखाली दिसेनासा झाला.

वाट पाहण्याशिवाय काही हातात नव्हतं. साहेब एका दगडावर बसून राहिले. मी त्यांच्या मुलींचा विचार करत होतो. ते कसला करत होते माहीत नाही. दुपार कलली तसं पाणी उतरू लागलं. एका ठेंगण्या दगडाचं डोकं वर आलं. मग दुसऱ्याचं. मग गाळाने माखलेली, सबंध, सरळ दगडी पाठ. एका कोपऱ्यातला दगडगोट्यांचा थोडा भराव तेवढा धुऊन गेला होता.

मला इतकं हलकं वाटलं की मी ड्रायव्हरला मिठी मारली. साहेब हसत होते आणि डोळे पुसत होते, कोटाच्या चिखलाच्या बाहीनेच.

रपटा ओलांडून आम्ही पलीकडे गेलो, तर पाटील हात जोडून उभे होते. "चुकलं, सायेब."

"तुमचं नाही, माझं," साहेब म्हणाले. "दंड मी भरणार. वाढायला मी." पाटील ऐकेनात. शेवटी दोघांनी मिळून वाढलं, एकाने भात, एकाने डाळ. आणि पुढच्या वर्षापासून नवा ठराव झाला: कठडा वेळेवर काढला तरच जेवण, नाही काढला तर चूल पेटणार नाही. गावाने हा दंड ऐकून मात्र तोंडं पाडली. तेव्हा साहेब माझ्या कानात म्हणाले, "आता बरोबर बसला."

पुढे राज्यांची फेररचना झाली. आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, साहेब मध्य प्रदेशात राहिले आणि जबलपूरला गेले. त्या पावसाळ्यात पंगतीला मी एकटाच गेलो.

"सायेब नाई आले?" पाटलांनी विचारलं. "मंग त्याहीले दंड. गावजेवनाचा."

मी हसलो. "आता ते दुसऱ्या राज्यातले झाले, पाटील."

"दंड आपल्याच मानसाले लावतेत, बाबू. परक्याले कोन लावन?"

मी साहेबांना पत्राने कळवलं. दंड भरायला येतोच, असं उत्तर आलं. पण कामं निघत गेली, मग प्रकृतीचं निघालं, आणि एक दिवस त्यांच्या पत्नीचं कार्ड आलं की साहेब गेले.

पाऊस लागल्यावर मी गावात गेलो आणि पाटलांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "दंड तं राह्यलाच की, बाबू."

"मी भरतो," मी म्हणालो.

तांदूळ आणि डाळ चामोर्शीहून आणली. चुली पेटल्या. पंगत बसली आणि मी भाताचं भांडं घेऊन वाढायला लागलो. सकाळपासून पाऊस धरला होता. मी अर्ध्या पंगतीला वाढलं असेन तेवढ्यात मागे नाल्याचा आवाज वाढला, आणि वळून पाहिलं तर पाणी रपट्यावर चढत होतं. माझा हात तसाच थांबला. पंगतीतल्या एकानेही मान वळवली नाही.

"वाढा ना, बाबू," पाटील म्हणाले. "उतरन ते."