भामरागडच्या पलीकडचे लाल ठिपके

गडचिरोलीच्या कार्यालयात माझं काम नकाशा बघत बसण्याचं. भिंतीवरच्या पडद्यावर अख्खा जिल्हा, त्यावर प्रत्येक टॉवरचा, प्रत्येक आरोग्य उपकेंद्राचा ठिपका आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. तिथलं यंत्र उत्तर देत असलं की ठिपका हिरवा, गप्प झालं की लाल. लाल झाला की मी त्या भागातल्या तंत्रज्ञाला फोन लावायचा. त्यातला एक ठिपका माझ्या बहिणीच्या उपकेंद्राचा. ताई भामरागडच्या पलीकडे जंगलात नर्स आहे.

गेल्या पुरात नदीवरचा पूल पाण्याखाली गेला. सकाळी जागेवर येऊन बसले तर पलीकडचे सगळे ठिपके एकदम लाल. असं झालं की वाटेतला मोठा टॉवर बंद पडला समजायचं. मागच्या गावांत काही बिघडलेलं नसतं, फक्त त्यांचा आवाज पोचत नाही. नवीन आलेल्यांना हे मीच शिकवते. त्या दिवशी स्वतःलाच शिकवत राहिले.

तंत्रज्ञ नदीच्या अलीकडे अडकला होता. तो म्हणाला, "बाई, टॉवरच्या जनरेटरचं डिझेल संपलं असन. पण जाऊ कसा? पुलावरून पाणी वाहून राह्यलं."

"नदी पार कराले डोंगा नाई मिळत का भाऊ?"

"डोंगेवालाच नाई म्हणून राह्यला. मले लेकरं आहेत बाई."

तरी मी त्याला फोन करत राहिले. शेवटी त्याने उचलणं सोडलं. साहेब म्हणाले, "वर कळवलं ना? मग पाणी उतरेपर्यंत आपण काय करणार?" ते चूक बोलत नव्हते, म्हणून जास्तच राग आला.

ब्रह्मपुरीहून आईचा फोन. "ताईचा फोन लागून नाई राह्यला. तुले तर तिथी सगळं दिसते ना?"

"टॉवर दिसते, आई. माणूस नाई दिसत."

तिने फोन ठेवला नाही. आम्ही दोघी तशाच कानाला लावून बसलो.

पाणी थोडं उतरलं तेव्हा तोच तंत्रज्ञ डिझेलचा डबा घेऊन डोंग्याने पलीकडे गेला. दुपारी ठिपके हिरवे व्हायला लागले. खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ताईचा ठिपका हिरवा होताच मी नंबर फिरवला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा.

"आता लागला तुमचा फोन," ताई म्हणाली. आवाज पार बसलेला.

"ताई, बरी आहेस ना?"

"बाळंतपणाले आलेल्या बाईचं रक्त थांबेना. मी लावून राह्यली, लावून राह्यली. डॉक्टरले, गाडीले, तुले बी. गेली ते." मागे तान्हं बाळ रडत होतं. "काऊन नाई लागला?"

डिझेल, टॉवर, रेघा. सगळं मला ठाऊक होतं.

रस्ता सुरू झाल्यावर रजा टाकून मी तिकडे गेले. ताई मला त्या बाईच्या घरी घेऊन गेली. बाळाची आजी त्याला वाटीतून चमच्याने दूध पाजत होती. ताईने तिला तिच्या बोलीत सांगितलं, ही माझी बहीण, फोनच्या टॉवरचं काम बघते. आजीने वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून बोलायला लागली. मोठ्याने नाही, पण बराच वेळ.

ताईने त्यातल्या एकाही शब्दाचं मराठी केलं नाही. मीही विचारलं नाही.